दहा अंशांनी दुप्पट

मार्च १८३५. बीगल जहाज किनाऱ्याला ठेवून चार्ल्स डार्विन खेचरांच्या तांड्याबरोबर चिलीतून अँडीज पर्वत ओलांडत होता. पोर्तियो खिंडीच्या वाटेवरच्या एका मुक्कामात बटाटे उकडायला ठेवले गेले. पाणी खळखळत राहिलं, तास गेले, बटाटे टणकच. भांडं रात्रभर विस्तवावर ठेवलं, सकाळी पुन्हा उकळी आणली, तरीही तेच. दोन सोबत्यांची आपसातली चर्चा डार्विनच्या कानावर पडली. भांडं नवं होतं आणि त्या मेल्याच्या मनात बटाटे शिजवायचेच नव्हते, असा त्यांनी निकाल लावला होता. डार्विनला कारण माहीत होतं: उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानाला उकळतं. प्रवासवर्णनात एवढं नोंदवून तो पुढे गेला.

खरा अवघड प्रश्न मात्र त्यानं विचारला नाही, आणि त्या काळात दुसऱ्याही कुणाला तो सुचला नव्हता. त्या उंचीवर उकळत्या पाण्याचं तापमान शंभरावरून दहा-पंधरा अंशांनी उतरलं असणार. तेवढ्यानं शिजायला थोडा जास्त वेळ लागला असता तर नवल नव्हतं. रात्र उलटूनही बटाटे कच्चे राहतात, म्हणजे तापमानातल्या थोड्या घटीनं शिजण्याचा वेग भलताच खाली येतो. ही विषमता कुठून येते? उत्तर मिळायला आणखी चोपन्न वर्षं लागली, ते सर्वमान्य व्हायला त्यावर आणखी पंचवीस-तीस. या काळात आकड्यांची टंचाई फारशी नव्हती. अडचण वेगळी होती: आकडे कुठल्याही सूत्रात बसत होते.

उष्णतेनं रासायनिक बदल लवकर होतात, हे लोहार, रंगारी, दारू गाळणारे आणि घरोघरच्या बायका यांना रसायनशास्त्र जन्मण्याआधीपासून ठाऊक होतं. मोजमाप कुणी केलं नव्हतं, कारण ते करणं कठीण होतं. अभिक्रिया चालू असताना किती पदार्थ उरला हे बघायचं तर नमुना काढा, वजन करा, विश्लेषण करा. आणि तेवढ्या वेळात अभिक्रिया पुढे सरकलेली असते. ती न थांबवता, तिला हात न लावता, आत काय चाललंय हे दाखवणारी खिडकी हवी होती. ती साखरेनं दिली.

ध्रुवित प्रकाश साखरेच्या पाकातून गेला की त्याच्या कंपनांचं प्रतल उजवीकडे वळतं. पाकात आम्ल घातलं की साखरेचा रेणू फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात आणि त्यांचं मिश्रण तेच प्रतल डावीकडे वळवतं. उजव्याचं डावं होतं, म्हणून या बदलाला इन्व्हर्जन हे नाव पडलं. फ्रेंच शास्त्रज्ञ जाँ-बातिस्त बियो यानं ही गोष्ट दाखवून दिली होती आणि युरोपातले साखरव्यापारी मालाची प्रत तपासायला हे उपकरण वापरू लागले होते. आपल्याकडे पाक करताना तो आळून खडे बनू नयेत म्हणून लिंबू पिळतात, तेव्हा कढईत हीच अभिक्रिया घडत असते.

१८५० साली हायडेलबर्गमधल्या लुडविग विल्हेल्मी नावाच्या माणसानं हे उपकरण आणि घड्याळ एकत्र आणलं. पोमेरेनियातल्या स्टारगार्डचा हा गृहस्थ आधी औषधं विकायचा. तो धंदा सोडून विज्ञान शिकायला आला होता. पाकात आम्ल मिसळायचं, नळी उपकरणात ठेवायची आणि ठरावीक वेळानं कोन वाचत राहायचं, एवढाच त्याचा प्रयोग. आकड्यांतून नियम निघाला: कुठल्याही क्षणी साखर फुटण्याचा वेग त्या क्षणी उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. हे त्यानं कलनशास्त्राच्या समीकरणात मांडलं. एखाद्या अभिक्रियेचा वेग अशा समीकरणात बसवण्याची ही पहिली वेळ. तापमानाचा परिणामही त्यानं मोजला आणि त्यासाठी सूत्र सुचवलं. रसायनज्ञांनी लेखाकडे पाहिलंही नाही. त्या पिढीचा रसायनज्ञ नवे पदार्थ बनवण्यात आणि जुन्यांचं विश्लेषण करण्यात गुंतलेला होता. पदार्थ किती वेळात बनला, हा त्याच्या लेखी प्रश्नच नव्हता. विल्हेल्मी १८६४ साली वारला. त्याच्या लेखाकडे लोकांचं लक्ष वेधलं गेलं ते १८८४च्या सुमारास, विल्हेल्म ओस्टवाल्डमुळे.

मधल्या काळात पॅरिसमध्ये मार्सेलँ बेर्तलो आणि पेआँ द सँ-जिल यांनी अल्कोहोल आणि अॅसेटिक आम्लाच्या संथ अभिक्रियेवर काम केलं, नॉर्वेत गुल्डबर्ग आणि वागे या मेहुण्यांच्या जोडीनं पदार्थांच्या प्रमाणाचा नियम सांगितला. त्यांचा लेख नॉर्वेजियन भाषेत असल्यानं तोही बरीच वर्षं कुणी वाचला नाही. आपल्या गोष्टीला वळण दिलं ते ऑक्सफर्डमधल्या दोघांनी.

ऑगस्टस व्हर्नन हारकोर्ट क्राइस्ट चर्च कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. गणिताचे अध्यापक चार्ल्स डॉजसन, म्हणजे ‘अॅलिस’चे लेखक लुइस कॅरोल, त्याच कॉलेजातले. हारकोर्टच्या हाताला विलक्षण शिस्त होती, पण गणितात तो कच्चा होता, आणि ते तो ओळखून होता. म्हणून त्यानं विल्यम एसन या गणितज्ञाला बरोबर घेतलं. १८६० नंतरच्या दशकात सुरू झालेली ही भागीदारी पुढे जवळजवळ अर्धं शतक टिकली.

हायड्रोजन पेरॉक्साइड आणि आयोडाइड यांची आम्लातली अभिक्रिया त्यांनी निवडली. तिच्यात आयोडीन सुटतं. पात्रात थोडा स्टार्च आणि मोजून घेतलेला हायपो, म्हणजे फोटोग्राफर वापरायचे ते सोडिअम थायोसल्फेट, घातलेला असे. सुटणारं आयोडीन हायपो गिळत राहतो आणि द्रावण स्वच्छ दिसतं. हायपो संपला की पुढचं आयोडीन स्टार्चला भिडतं आणि अख्खं पात्र एका क्षणात निळंशार होतं. वेळ टिपायची, हायपोचा पुढचा मोजका थेंब सोडायचा. निळा रंग जातो, काही वेळानं पुन्हा उमटतो. तो उमटण्यातलं अंतर म्हणजे ठरावीक माल तयार व्हायला लागलेला काळ. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आजही हा प्रयोग करून दाखवतात, कारण रंग इतका अचानक उमटतो की मागच्या बाकावरचाही मान वर करतो.

पात्राचं तापमान बदलून त्यांनी अशा नोंदींच्या वह्या भरल्या. साध्या हवामानातल्या तापमानांना दर दहा अंशांमागे वेग साधारण दुप्पट होत होता. पुढे इतर अभिक्रियांचंही असंच निघालं: कुठे दुप्पट, कुठे तिप्पट, साखरेच्या बाबतीत त्याहूनही जास्त. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला पाठ असलेला दहा अंशांचा नियम तो हाच. त्याला नियम म्हणणं सढळपणाचं आहे; फार तर अंदाजाचा ठोकताळा म्हणावा.

या ठोकताळ्यानं भौतिकशास्त्रज्ञांची पंचाईत केली. १८५७ मध्ये क्लाउसिउस आणि १८६० मध्ये मॅक्सवेल यांनी वायूच्या रेणूंचा हिशेब मांडला होता. तापमान म्हणजे रेणूंच्या हालचालीची ऊर्जा, आणि ती उणे २७३ अंशांच्या निरपेक्ष शून्यापासून मोजायची. या मोजपट्टीवर २५ अंश म्हणजे २९८ आणि ३५ अंश म्हणजे ३०८. रेणूंची सरासरी ऊर्जा वाढली सव्वातीन-साडेतीन टक्क्यांनी, वेग त्याच्या निम्म्यानं. रेणू एकमेकांवर आदळल्यामुळे अभिक्रिया होत असेल, तर आदळणं वाढलं जेमतेम दोन टक्के. मग अभिक्रिया शंभर टक्के कशी वाढते? द्रवाचा घट्टपणा बदलतो म्हणावं, तर तोही अंशामागे दोन-एक टक्क्यांनीच. हिशेबातली तफावत दोन-चार पटींची असती तर सुधारून घेता आली असती. ही पन्नास पटींची होती.

इन्सब्रुकच्या लेओपोल्ड फाउंडलरला १८६७ मध्येच उत्तराची चाहूल लागली होती. सगळेच रेणू सारख्या वेगानं धावत नाहीत, काही मंद तर काही अतिशय वेगवान असतात. कदाचित एका मर्यादेपलीकडची ऊर्जा असणारेच बदलत असतील, असं त्यानं लिहिलं. त्याच्याजवळ ना सूत्र होतं ना आकडे, त्यामुळे कल्पना तशीच पडून राहिली.

१८८४ साली अॅमस्टरडॅमच्या याकोबुस व्हान्ट हॉफचं रासायनिक गतिशास्त्रावरचं फ्रेंच पुस्तक आलं. बत्तीस वर्षांच्या या डच प्राध्यापकानं अभिक्रियांची वेगानुसार शिस्तशीर वर्गवारी केली, आणि दोन्ही दिशांनी चालणाऱ्या अभिक्रियेचा समतोल तापमानाबरोबर कसा सरकतो याचं सूत्र उष्मागतिकीतून काढलं. तिथून पुढचं पाऊल स्वाभाविक होतं. समतोल म्हणजे जाण्याचा वेग आणि परतण्याचा वेग सारखे होणं. समतोलाचं सूत्र हाती असेल तर वेगांचंही सूत्र त्याच घडणीचं असायला हवं. व्हान्ट हॉफनं तसं सुचवलं, पण एकाच सूत्रावर बोट ठेवलं नाही, दोन-तीन पर्याय उघडे ठेवले.

त्याच वर्षी उप्सालात पंचवीस वर्षांचा स्वान्ते अऱ्हेनियस पीएचडीच्या प्रबंधापायी अपमान गिळत होता. विद्यापीठाच्या जमिनी सांभाळणाऱ्या मोजणीदाराचा हा मुलगा. मीठ पाण्यात विरघळलं की वीज कशी वाहते, यावरचा त्याचा प्रबंध परीक्षकांना पटला नाही. त्यांनी पदवी दिली, पण श्रेणी अशी खालची की विद्यापीठात शिकवायची वाट जवळपास बंद व्हावी. अऱ्हेनियसनं प्रबंधाच्या प्रती बाहेरच्या विद्वानांना पाठवल्या. रिगामध्ये ओस्टवाल्डला ती मिळाली त्या दिवशी त्याची दाढ ठणकत होती आणि घरात मुलगी जन्मली होती. एका दिवसात हे सगळं म्हणजे फारच झालं, अशी आठवण त्यानं नंतर सांगितली आहे. दाढदुखीतही त्यानं प्रबंध वाचला आणि त्याच उन्हाळ्यात तो स्वतः उप्सालाला जाऊन थडकला. परदेशातला प्राध्यापक आपल्या नापसंत विद्यार्थ्याला नोकरी देऊ करतोय, हे पाहिल्यावर विद्यापीठाचा सूर बदलला.

स्वीडिश विज्ञान अकादमीच्या प्रवासवृत्तीवर अऱ्हेनियस १८८६ पासून युरोपभर फिरला. रिगाला ओस्टवाल्ड, वुर्त्सबुर्गला कोलराउश, ग्रात्सला बोल्ट्समान, अॅमस्टरडॅमला व्हान्ट हॉफ. ही यादी वाचली की पुढे जे घडलं त्याचं अर्धं स्पष्टीकरण मिळतं. रेणूंमध्ये ऊर्जा कशी वाटली जाते याचं गणित बोल्ट्समानकडे होतं, समतोलाचं व्हान्ट हॉफकडे, साखरेवरचे ताजे आकडे ओस्टवाल्डच्या वर्तुळात. या तिन्ही घरी राहून आलेला तरुण युरोपात एकच होता.

१८८९ मध्ये ओस्टवाल्ड आणि व्हान्ट हॉफ यांच्या नव्या जर्मन नियतकालिकात अऱ्हेनियसचा लेख आला. विषय तोच, विल्हेल्मीचा: आम्लानं साखरेचं इन्व्हर्जन. नवे प्रयोग जवळजवळ नव्हतेच. इतरांनी आधीच छापलेले आकडे घेऊन त्यानं विचार केला होता. अंशामागे सुमारे बारा टक्के वाढ, म्हणजे दहा अंशांत तिपटीहून जास्त, ही आदळआपटीनं समजावता येत नाही, तशीच घट्टपणानंही नाही. मग एकच वाट उरते, असं तो म्हणाला. आम्लाशी अभिक्रिया करते ती साधी साखर नव्हेच. पाकात साध्या साखरेबरोबर ‘सक्रिय’ साखरेचे थोडेसे रेणू असतात. साधीची सक्रिय व्हायला बाहेरून उष्णता लागते. दोघींत समतोल असतो, आणि तो व्हान्ट हॉफच्या सूत्राप्रमाणे तापमानाबरोबर झपाट्यानं सक्रिय बाजूला झुकतो. सक्रिय रेणू इतके कमी की विश्लेषणात सापडणार नाहीत. वेग मात्र सगळा त्यांच्या संख्येवर.

मुद्दा आजच्या आकड्यांत पाहू. समजा, रेणू बदलायला मोलमागे ५० किलोज्यूल ऊर्जा लागते. खोलीच्या तापमानाला चालणाऱ्या बऱ्याच अभिक्रियांना साधारण एवढी लागते. २५ अंशांना तेवढी ऊर्जा बाळगणारा रेणू सुमारे ५८ कोटींत एक. ३५ अंशांना सुमारे ३० कोटींत एक. सरासरी रेणू किंचितच तापला, पण पात्र ठरणाऱ्यांची संख्या जवळपास दुप्पट झाली. दहा अंशांच्या ठोकताळ्याचं मर्म इथे आहे. सरासरीकडे बघत राहिलेल्यांना ते दिसणं शक्यच नव्हतं, कारण अभिक्रिया सरासरीच्या जिवावर चालत नाही. एवढा साधा उलगडा, आणि मॅक्सवेलचं गणित हाताशी येऊनही तीस वर्षं लागली.

लेख प्रसिद्ध झाला म्हणून वाद मिटला, असं घडलं नाही. पाठ्यपुस्तकांत अऱ्हेनियसचं समीकरण आभाळातून पडल्यासारखं अवतरतं. प्रत्यक्षात ते अर्ध्या डझन प्रतिस्पर्ध्यांमधलं एक होतं. बेर्तलोचं वेगळं, व्हान्ट हॉफचे पर्याय वेगळे, त्याच्या शिष्यांचं आणखी निराळं. हारकोर्ट आणि एसन तर १८९५ मध्ये रॉयल सोसायटीच्या मानाच्या बेकेरियन व्याख्यानात आपलं सूत्र घेऊन उभे राहिले: वेग निरपेक्ष तापमानाच्या एका घाताच्या प्रमाणात वाढतो. आपल्या वह्यांतले आकडे मागे मागे ताणत त्यांनी अभिक्रिया कुठे साफ थांबेल हे काढलं. उत्तर आलं उणे २७२.६ अंश. भौतिकशास्त्रानं स्वतंत्र वाटेनं ठरवलेलं निरपेक्ष शून्य त्यापासून जेमतेम अर्ध्या अंशावर होतं. पेरॉक्साइडच्या बाटल्या आणि घड्याळ यांच्यावर निघालेला हा आकडा बघून त्या दोघांना काय वाटलं असेल! त्यांच्या सूत्रावर त्यांचा जन्मभर विश्वास राहिला याचं मला तरी आश्चर्य वाटत नाही.

दोन्ही सूत्रं एकाच वेळी बरोबर कशी ठरतात? शून्य ते पन्नास अंश हा पट्टा आपल्याला मोठा वाटतो, पण निरपेक्ष मोजपट्टीवर तो २७३ पासून ३२३ पर्यंतचा लहानसा तुकडा आहे. एवढ्याशा तुकड्यात त्यांचं घाताचं सूत्र आणि अऱ्हेनियसचं घातांकाचं सूत्र यांच्या रेषा एकमेकींवर बसतात. म्हणून कसोटी रुंद पट्ट्यावर लावायला हवी होती. ते काम केलं माक्स बोडेनस्टाइननं. १८९० नंतरच्या दशकात त्यानं हायड्रोजन आयोडाइड काचेच्या गोळ्यांत कोंडून उकळत्या पाऱ्याच्या, उकळत्या गंधकाच्या वाफेत तापवलं. हे पदार्थ नेहमी ठरलेल्या तापमानालाच उकळतात, म्हणून बिनचूक भट्टी म्हणून त्यांचा उपयोग. २८३ अंशांपासून ५०८ पर्यंत, सव्वादोनशे अंशांत, विघटनाचा वेग लाखपटीहून जास्त वाढला, आणि अऱ्हेनियसच्या पद्धतीनं आलेख काढल्यावर सगळे बिंदू जवळजवळ सरळ रेषेत आले.

तरीही माझ्या मते निर्णायक ठरलं ते सरळ रेषा मिळणं नव्हे. हारकोर्ट-एसनच्या सूत्रातला घात म्हणजे नुसता आकडा. तो कशाचा, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. अऱ्हेनियसच्या सूत्रातला आकडा ऊर्जेचा होता, रेणूला ओलांडावा लागणाऱ्या उंबरठ्याचा. त्यालाच पुढे सक्रियण ऊर्जा म्हणू लागले. त्याच्यावर विचार करता येत होता: हा उंबरठा कशानं बनतो, खाली कसा आणायचा? मेहनत आणि अचूकता यांत ऑक्सफर्डची जोडी कुणाला हार जाणारी नव्हती. मागे पडली ती तिथे.

पुढचे धागे भराभर जुळले. १९१६ मध्ये जर्मनीत माक्स ट्राउत्स आणि १९१८ मध्ये लिव्हरपूलला विल्यम लुइस यांनी एकमेकांच्या नकळत, मध्ये महायुद्ध असल्यानं, रेणूंच्या टकरींवरून थेट वेग काढला. लुइसचा हिशेब बोडेनस्टाइनच्या आयोडाइडशी चपखल बसला. १९३१ मध्ये बर्लिनला हेन्री आयरिंग आणि मायकेल पोलान्यी यांनी हायड्रोजनच्या अणू-रेणूंच्या ऊर्जेचा पुंजयांत्रिकी नकाशा काढला. त्यात दोन दऱ्या होत्या आणि मधे खिंड. दरीतून दरीत जायचं तर खिंडीच्या माथ्याएवढं चढावंच लागतं. अऱ्हेनियसचा उंबरठा म्हणजे त्या खिंडीची उंची. आयरिंगनं १९३५ मध्ये प्रिन्स्टनहून यावर सर्वसाधारण सिद्धांत लिहिला, तेव्हा नियतकालिकानं तो आधी नाकारला होता. सहकाऱ्यांनी रदबदली केल्यावर छापला गेला.

या सगळ्याचा परिणाम कारखान्यांत दिसायला फार वाट पाहावी लागली नाही. हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांपासून अमोनिया करायचा फ्रिट्स हाबरचा पेच म्हणजे व्हान्ट हॉफ आणि अऱ्हेनियस यांच्यातली ओढाताण होती. समतोल सांगतो, थंड ठेवा तर अमोनिया जास्त टिकेल. वेग सांगतो, थंड ठेवलंत तर अभिक्रिया जागची हलणारच नाही. तापवलं की वेग येतो आणि बनलेला अमोनिया फुटतो. वाट निघाली ती उंबरठाच खाली आणून. आधी ऑस्मिअम आणि मग लोखंडाचं उत्प्रेरक, त्यामुळे पाचशे-सहाशे अंशांवर भागलं, आणि समतोलाची उणीव दोनशेच्या आसपास वातावरणाच्या दाबानं भरून काढली. जुलै १९०९ मध्ये कार्ल्सरूहला प्रात्यक्षिक झालं, १९१३ मध्ये ओपाऊला कारखाना सुरू झाला. युरिया ही पुढची पायरी याच अमोनियापासून.

साखरेच्या धंद्यात हे ज्ञान सूत्राआधीच हातात मुरलेलं होतं. इंग्लंडच्या एडवर्ड हॉवर्डनं १८१३च्या सुमारास व्हॅक्यूम पॅन काढला तो रस कमी तापमानाला आटावा म्हणून. महाराष्ट्रात १९५०-५१ च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला, तेव्हा अर्थातच हीच रीत होती: रसाला चुना देऊन आम्ल मारायचं, निर्वात पॅनमध्ये आटवायचं. ऊस तोडून उन्हात पडला की आतली साखर फुटू लागते आणि उतारा घसरतो. मार्च-एप्रिलच्या तापात हे जास्त वेगानं होतं, म्हणून तोडीनंतर गाडीची घाई. गुऱ्हाळावरचा गुळव्या सांगेल की शिळ्या उसाचा गूळ मऊ पडतो, चिकटतो. तेही इन्व्हर्जनच, ग्लुकोज-फ्रुक्टोज कणी धरू देत नाहीत.

सूत्राची दुसरी, भीषण बाजू लेनिनग्राडच्या निकोलाय सेम्योनोवनं १९२८ मध्ये दाखवली. उष्णता सोडणारी अभिक्रिया स्वतःलाच तापवते. तापल्यानं तिचा वेग घातांकानं वाढतो. भांड्याच्या भिंतींतून निघून जाणारी उष्णता मात्र तापमानाच्या फरकाच्या साध्या प्रमाणातच वाढते. एका ठरावीक तापमानाखाली भिंती पुरतात, त्यापुढे कशानंच पुरत नाही. ३ डिसेंबर १९८४च्या पहाटेआधी भोपाळच्या कारखान्यात हे घडलं. टाकीत सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट होतं; ते शून्य अंशांच्या आसपास ठेवायचं असतं, पण शीतकरण यंत्रणा त्याच वर्षीच्या उन्हाळ्यापासून बंद होती. टाकीत पाणी शिरलं आणि अभिक्रिया सुरू झाली. टाकी थंड असती तर ती रेंगाळली असती, लोकांना वेळ मिळाला असता. टाकी थंड नव्हती, आणि काही तासांत विषारी वायू झोपलेल्या वस्त्यांवर पसरला.

अऱ्हेनियसला १९०३चं नोबेल मिळालं, पण ते ज्या प्रबंधानं त्याला खालची श्रेणी दिली त्यातल्या कल्पनेसाठी; वेगाच्या सूत्राचा त्यात भाग नव्हता. तो १९२७ मध्ये गेला. हारकोर्टच्या निरपेक्ष शून्याचं काय झालं, तेही सांगायला हवं. १९७३ मध्ये सोव्हिएत रसायनज्ञ विताली गोल्दान्स्की आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गोठलेल्या फॉर्माल्डिहाइडचे रेणू निरपेक्ष शून्याच्या चार-पाच अंश वरही साखळ्या जोडत राहतात आणि तिथे वेग तापमानानं बदलतच नाही. खिंड न चढता रेणू तिच्या आरपार जातात. पुंजयांत्रिकी याला परवानगी देते. म्हणजे तळाशी दोघांचीही सूत्रं चुकतात, आणि उणे २७२.६ हा सुंदर आकडा योगायोग होता.

माणसांच्या रोजच्या तापमानात मात्र १८८९चं सूत्रच चालतं. १९९६ पासून पोलिओच्या तोंडावाटे द्यायच्या लशीच्या बाटलीवर एक छोटी खूण येऊ लागली: गोल आणि त्याच्या आत फिकट चौकोन. चौकोनातला पदार्थ उष्णतेनं हळूहळू साखळ्या बनवत गडद होतो, आणि त्याची सक्रियण ऊर्जा लस बिघडण्याच्या वेगाशी जुळेल अशी निवडलेली असते. खूण आत्ताचं तापमान सांगत नाही. कारखान्यापासून आशाताईंच्या आइसबॉक्सपर्यंत लागलेल्या सगळ्या उष्णतेची बेरीज सांगते. चौकोन गोलाइतका गडद झाला की बाटली फेकायची. पोलिओच्या खुणेला त्या टोकाला पोहोचायला ५ अंशांना २२५ दिवस लागतात, ३७ अंशांना दोन.